वस्तरा, त्वचा आणि विनय

प्रव्रज्येच्या वर्णनात केस आणि दाढी उतरविल्याचा उल्लेख पालि सुत्तांत वारंवार येतो. तो इतक्या वेळा येतो, की वाचकाची नजर त्यावर न थांबता पुढे सरकते. परंतु केस उतरवायचे तर वस्तरा लागतो, वस्तऱ्याला धार लागते आणि ती धार ज्या त्वचेवरून फिरते ती त्वचा जिवंत असते. या साध्या गोष्टींचा विचार विनयपिटकात किती बारकाईने झाला आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. श्रामणेर शिबिरात मुंडण झाल्यावर डोक्याची आग होणे, मानेवर पुटकुळ्या उठणे, दोन-तीन दिवस खाज येत राहणे या तक्रारी नेहमी ऐकू येतात. रोज वस्तऱ्याने दाढी करणाऱ्या उपासकांचेही हेच गाऱ्हाणे असते. वस्तरा म्हटला की एवढे सोसावयाचेच, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली आहे. या समजुतीला विनयात आधार नाही आणि त्वचाविज्ञानातही नाही. वस्तऱ्याने त्वचा दुखावते ती बहुतांशी तयारी, धार आणि हात या तिन्हींतील उणिवांमुळे, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या स्वाधीन आहेत. त्या कशा सांभाळाव्यात, हे प्रस्तुत लेखात आम्ही क्रमाने मांडीत आहोत.

शब्दविचार

प्रथम शब्दांचा उलगडा केलेला बरा. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वासि, सुई, कायबंधन आणि पाणी गाळण्याचे परिस्सावन यांची गणना होते. आपल्याकडील वंदनेच्या व संस्कारविधीच्या पुस्तिकांत 'वासि' या शब्दाचा अर्थ सरसकट 'वस्तरा' असा दिलेला आढळतो. अट्ठकथेत मात्र वासिचे उपयोग सांगताना दंतकाष्ठ तोडणे, ऊस सोलणे, मंचकाचे पाय नीट करणे अशी कामे सांगितली आहेत. यावरून वासि हे लाकूड तासण्याचे लहान हत्यार होते हे उघड आहे. वस्तऱ्यासाठी पालित स्वतंत्र शब्द आहे, तो 'खुर'. संस्कृतात त्याचे रूप 'क्षुर' असे होते. आपला 'वस्तरा' हा शब्द फारसीतून आलेला आहे. न्हाव्याला पालित 'नहापित' आणि 'कप्पक' असे दोन शब्द आहेत. त्यांतील 'नहापित' याचा मूळ अर्थ स्नान घालणारा असा असून मराठीतील 'न्हावी' हा शब्द त्याच कुळातला आहे. केस कापण्यापूर्वी ते भिजविणे हा न्हाव्याच्या कामाचा प्रारंभ होय, हे या नावातच साठवलेले आहे. पुढील विवेचनात याचे महत्त्व कळून येईल.

विनयातील अनुज्ञा

चुल्लवग्गातील खुद्दकवत्थुक्खंधकात केस, दाढी आणि नखे यांविषयीचे नियम एकत्र आले आहेत. भगवंतांनी भिक्खूंना वस्तऱ्याची अनुज्ञा दिली ती एकट्या वस्तऱ्याची नव्हे. खुर म्हणजे वस्तरा, खुरसिला म्हणजे धार लावण्याचा दगड, खुरसिपाटिका म्हणजे वस्तऱ्याचे म्यान, नमतक म्हणजे लोकरी नमद्याचा तुकडा, अशा सर्व साहित्यासह ती दिलेली आहे. ज्याला वस्तरा वापरावयाचा आहे त्याच्याजवळ दगड आणि म्यान असलेच पाहिजे, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते.

केस किती वाढू द्यावेत याचीही मर्यादा तेथे घालून दिलेली आहे. दोन महिने अथवा दोन अंगुळे, यांच्यापलीकडे केस वाढवू नयेत. याचा दुसरा अर्थ असा, की रोज मुंडण करण्याची सक्ती विनयात नाही. रोज गुळगुळीत दिसलेच पाहिजे हा आग्रह विनयाचा नसून आपला आहे. दाढीला निरनिराळे आकार देणे, ती शोभेसाठी राखणे यांना तेथे मनाई आहे. मनाईचा रोख शोभेच्या हौसेवर आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रसंग त्याच प्रकरणात येतो. कात्रीने केस कापण्यास भिक्खूंना मनाई होती, केस वस्तऱ्यानेच उतरवावयाचे होते. पुढे एका भिक्खूच्या डोक्यावर व्रण झाला आणि वस्तरा फिरविणे शक्य होईना. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर घालण्यात आली, तेव्हा त्यांनी आजाराच्या कारणाने कात्रीने केस कापण्याची अनुज्ञा दिली. नियम होता, परंतु दुखऱ्या त्वचेवर तो लादला गेला नाही. महावग्गातील भेसज्जक्खंधकात याच दृष्टीचा आणखी एक दाखला आहे. आनंदांचे उपाध्याय आयुष्मान बेलट्ठसीस यांना त्वचारोग जडला होता आणि त्यातील स्रावाने चीवर अंगाला चिकटत असे. भिक्खू पाण्याने भिजवून भिजवून ते सोडवीत होते. ते पाहून भगवंतांनी खाज, पुटकुळ्या, स्राव इत्यादी विकार असणाऱ्यांना औषधी चूर्णे वापरण्याची अनुज्ञा दिली. त्वचेची पीडा निमूटपणे सोसण्यात काही पुण्य आहे, असे तथागतांनी मानलेले नाही.

आपल्या घरांतील वस्तरा

आपल्या समाजाच्या दृष्टीने वस्तऱ्याला आणखी एक इतिहास आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात साताऱ्यातील आपल्या बालपणाची हकीगत दिली आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने हे लेखन १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. साताऱ्यात न्हावी होते आणि त्यांना पैसे देण्याची ऐपतही त्या घरात होती. तरीही अस्पृश्याच्या डोक्याला हात लावण्यास न्हावी तयार नसत. त्यामुळे घरातील मुलांचे केस थोरली बहीण कापीत असे आणि सरावाने ती त्या कामात निपुण झाली होती. गावोगावी हीच स्थिती होती. आपल्या वाडवडिलांनी एकमेकांची दाढी आणि हजामत केली ती आवड म्हणून नव्हे, दुसरा मार्ग नव्हता म्हणून. कोणी शिकविले नाही, चांगले हत्यार मिळाले नाही, तरी काम करावे लागले. वस्तरा म्हणजे सोसणे ही समजूत आपल्यात खोलवर रुजली, त्याला हेही एक कारण असावे असे आम्हांस वाटते.

याच्या उलट चित्र संघात दिसते. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय आदी शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी अनुपिय येथे भगवंतांकडे गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपालि हा न्हावी होता. आमचा शाक्यकुळाचा अभिमान गळून पडावा म्हणून उपालिला आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती त्या कुमारांनीच केली. त्यामुळे वयाने आणि कुळाने कोण मोठा हा प्रश्न उरला नाही, कुमारांना उपालिला वंदन करावे लागले. हेच उपालि पुढे विनयधरांत अग्रगण्य ठरले आणि राजगृहाच्या प्रथम संगीतीत विनयाविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपालिच्या प्रव्रज्येला आवर्जून स्थान दिले आहे. ज्याच्या हाती वस्तरा होता तोच विनयाचा अधिकारी झाला, ही गोष्ट नाभिक बांधवांनी आणि आपणही स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

त्वचेला नेमके काय होते

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. हा थर आणि त्यावरील तेलकट पातळ पडदा मिळून आतील ओलावा राखतात व जंतूंना बाहेर ठेवतात. वस्तरा केसाबरोबर या थराचाही काही अंश खरवडून नेतो. तो थोडा गेला तर रात्रीतून भरून येतो, फार गेला तर त्वचा लाल होते, चुरचुरते आणि पाणी लागताच आग होते. हा पहिला प्रकार.

दुसऱ्या प्रकारात केसाच्या मुळाशी जंतू शिरतात आणि पिवळसर टोकाच्या पुटकुळ्या उठतात. आपल्या त्वचेवर व नाकपुडीत वावरणारे काही जंतू एरवी निरुपद्रवी असतात, परंतु सोलवटलेल्या त्वचेतून ते आत जातात.

तिसरा प्रकार आत वळलेल्या केसांचा. कुरळा केस फार खोलवर कापला गेला म्हणजे त्याचे तिरके, अणकुचीदार टोक त्वचेखाली राहते. तो पुन्हा वाढू लागला की बाहेर न येता बाजूच्या त्वचेत घुसतो आणि तेथे टणक पुळी होते. जबड्याखाली आणि मानेवर हा त्रास अधिक दिसतो. याला जंतू कारण नसतात. कारण असते ते अतिशय गुळगुळीत करण्याची हौस. आपल्याला कोणता त्रास आहे हे ओळखले, म्हणजे उपाय अचूक करता येतो.

वस्तऱ्यापूर्वी

कोरडा केस कठीण असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ होतो आणि कापावयास पुष्कळच कमी जोर लागतो. यासाठी दोन ते तीन मिनिटे पाणी मुरणे आवश्यक आहे. म्हणून दाढी किंवा मुंडण स्नानानंतर करावे. ते शक्य नसेल तर कोमट पाण्यात भिजविलेला पंचा चेहऱ्यावर अथवा डोक्यावर तेवढा वेळ ठेवावा. 'नहापित' या शब्दातील स्नानाचे मर्म येथे कळते.

त्यानंतर दाढीच्या साबणाचा भरपूर फेस करावा. अंगाचा साबण चालत नाही असे नाही, परंतु त्याचा फेस लवकर वाळतो आणि त्वचा कोरडी पडते. फेस वाळला की वस्तऱ्याखालील आधारच गेला, मग वस्तरा थेट त्वचा खरवडू लागतो. त्वचा फार कोरडी असल्यास फेसापूर्वी खोबरेलाचे दोन-तीन थेंब चोळावेत. ज्यांना मुरमे किंवा पुटकुळ्या येतात त्यांनी तेल टाळावे. मुंडणात केस लांब असतील तर ते प्रथम कात्रीने अथवा यंत्राने बारीक करून घ्यावेत. लांब केसांवर थेट वस्तरा घातला की केस ओढले जातात आणि धारही मंदावते.

हवामानाचाही विचार हवा. कोन, भिवंडी, कल्याण हा सारा प्रदेश उल्हासच्या खाडीकाठचा आणि दमट आहे. कोन हे गाव भिवंडी तालुक्यात असून दुर्गाडीच्या पुलाने कल्याणशी जोडलेले आहे. एका बाजूस यंत्रमाग, दुसऱ्या बाजूस गोदामे आणि मधून अखंड वाहतूक, असे येथील कष्टकऱ्याचे जीवन आहे. घाम, धूळ आणि मागावर उडणारा कापसाचा तंतू नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर बसला की आग आणि खाज होणारच. अशा कामावर जाणाऱ्याने पाळीवर निघता निघता घाईने दाढी करण्यापेक्षा पाळी संपवून, अंग धुऊन, निवांतपणे ती करावी. त्वचेला सावरण्यास मग पुढचे काही तास मिळतात.

धार

अनुभव नसलेला मनुष्य धारदार वस्तऱ्याला भितो आणि बोथट वस्तऱ्यावर विश्वास ठेवतो. वस्तुतः आग होते ती बोथट वस्तऱ्याने. तो केस कापत नाही, ओढतो. मग हात नकळत जोर देतो आणि त्वचा सोलवटते.

प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर वीस ते तीस वेळा फिरवावा. फिरविताना पात्याची पाठ पुढे आणि धार मागे असावी, आणि टोकाला पोहोचल्यावर वस्तरा पाठीवर उलटावा. धारेवर उलटला तर पट्टाही कापला जातो आणि धारही वळते. पट्टा ताणून धरावा, हात हलका ठेवावा. पट्टा धार सरळ करतो, नवी धार देत नाही. पट्ट्यावर घासूनही केस ओढले जाऊ लागले, म्हणजे बारीक दगडावर धार लावण्याची वेळ आली असे समजावे. दगडावर मात्र धार पुढे चालते. हे काम जाणकाराकडून शिकून घ्यावे किंवा त्याच्याकडूनच करून घ्यावे.

वापरानंतर वस्तरा धुऊन, मऊ फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसून, पूर्ण कोरडा करावा आणि मगच मिटावा. ओलसर मोरीत तो ठेवू नये. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे पोलादावर एका रात्रीत गंज चढतो, म्हणून पात्यावर तेलाचे बोट फिरवून ठेवावे. गंजाने धार सूक्ष्म करवतीसारखी होते आणि डोळ्यांना दिसण्यापूर्वी ती त्वचेला जाणवते. विनयातही गंजाचा विचार आहे. सुया गंजू नयेत म्हणून त्या नळीत ठेवून चूर्ण भरण्याची अनुज्ञा भिक्खूंना दिलेली आढळते. या प्रदेशाचे लोखंडाशी आणि धम्माशी नातेही जुने आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या दात्यांच्या नोंदी आहेत आणि त्यांत कल्याणच्या एका लोहाराच्या, म्हणजे 'कमारा'च्या, दानाचीही नोंद आहे.

हात

केस कोणत्या दिशेने वाढतात हे प्रत्येकाने स्वतःचे स्वतः जाणून घ्यावे. एक दिवसाची दाढी वाढलेली असताना बोट फिरवून पाहावे. ज्या दिशेने बोट सहज सरकते ती सुलट, ज्या दिशेने अडते ती उलट. गालावर केस बहुधा खाली वाढतात, मानेवर मात्र ते आडवे किंवा वरच्या दिशेनेही असतात. डोक्यावर भोवऱ्यापाशी ते चक्राकार वळतात, म्हणून तेथे भोवऱ्यापासून बाहेरच्या बाजूस लहान लहान हात चालवावेत.

वस्तरा त्वचेशी सुमारे तीस अंशांचा कोन करून धरावा. फार आडवा केला तर केस ओढले जातात, फार उभा केला तर त्वचा कापते. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरावी. ती किती ताणावी, याविषयी सोण थेराला दिलेला वीणेचा दृष्टान्त आठवावा. तार ढिली असली तरी स्वर नाही, अति ताणली तरी नाही. त्वचा सैल राहिली तर तिला घडी पडून ती कापते. अति ताणली तर केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि तोच पुढे आत वळतो.

वस्तऱ्याला त्याच्या वजनापलीकडे जोर देऊ नये. हात लहान असावेत आणि दोन-तीन हातांनंतर पाते धुऊन घ्यावे. रोज दाढी करणाऱ्याने एकदाच, सुलट हाताने दाढी करावी. कोठे केस राहिलेच, तर पुन्हा फेस लावून आडवा हात फिरवावा. फेस निघून गेलेल्या जागी 'एवढेच राहिले' म्हणून पुन्हा पुन्हा फिरविलेला वस्तरा हे रोजच्या आगीचे सर्वांत मोठे कारण आहे. उलट हात रोज मारू नये. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी तो कधीच मारू नये. गालावर किंचित खरखर राहिली तर कोणाचे काही बिघडत नाही.

वस्तऱ्यानंतर

दाढी झाल्यावर थंड पाण्याने चेहरा धुवावा आणि पंचाने टिपून घ्यावा, घासू नये. तुरटी रक्त थांबविते व त्वचा आकसून घेते, म्हणून ओल्या त्वचेवर ती एकदा फिरवून पाण्याने धुऊन टाकण्यास हरकत नाही. तुरटीने वस्तरा किंवा जखम निर्जंतुक होते ही समजूत मात्र चुकीची आहे. सुगंधी स्पिरिटयुक्त द्रव सोलवटलेल्या त्वचेवर लावू नये. त्याच्या चुरचुरण्यालाच लोक औषधाचा गुण समजतात. त्याऐवजी बिनवासाचे साधे मलम अल्प प्रमाणात लावावे.

नव्याने मुंडण झालेल्या डोक्याला ऊन सोसत नाही. वर्षानुवर्षे केसांखाली राहिलेली ती त्वचा तासाभरात भाजते. वस्तीत जाताना डोके झाकून घेऊ नये असा सेखिय नियम असल्याने श्रामणेरांची चारिका सकाळी ऊन चढण्यापूर्वी आटोपेल अशी योजना संयोजकांनी करावी.

श्रामणेर शिबिरातील मुंडण

आपल्याकडील श्रामणेर शिबिरे बहुधा दहा दिवसांची असतात आणि पहिल्याच सकाळी अनेकांचे मुंडण एकापाठोपाठ एक होते. येथील प्रश्न आगीपेक्षा गंभीर आहे. वस्तऱ्याने होणाऱ्या सूक्ष्म जखमा डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांतून रक्ताचा अंश पात्याला लागतो. त्या पात्याने दुसऱ्याचे मुंडण केले तर यकृतशोथाचे ब आणि क हे विषाणू, तसेच एड्सचा विषाणू, एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा संभव असतो. त्यांतील ब विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरू शकतो. पाते जंतुनाशकाच्या पाण्यात क्षणभर बुडविल्याने किंवा ज्योतीवरून फिरविल्याने तो धोका टळत नाही. ज्योतीने पात्याचे पाणी मात्र उतरते.

म्हणून नियम एकच असावा : एक डोके, एक पाते. शिबिरात बदलत्या पात्याचा वस्तरा वापरावा आणि प्रत्येकासाठी नवे पाते सर्वांसमोर उघडावे. वापरलेली पाती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत, उघड्या कचऱ्यात नव्हे. पाते धरणारा वस्तऱ्याचा भागही दर वेळी धुऊन जंतुनाशकाने पुसावा. मुंडण करणाऱ्याने प्रत्येक वेळी हात धुवावेत. तुरटीचा एकच खडा सर्वांच्या डोक्यावर फिरविण्याची प्रथा बंद करावी, कारण तो खडाही वस्तऱ्याइतकाच रक्ताला लागतो. ज्याच्याजवळ कायम पात्याचा वस्तरा असेल त्याने तो स्वतःपुरताच वापरावा. घरातही बाप-लेकांनी एक वस्तरा वापरू नये. ब यकृतशोथाची लस उपलब्ध आहे. जे बांधव शिबिरांतून वारंवार मुंडणाचे काम करतात, त्यांनी ती अवश्य घ्यावी. संघाप्रती असलेल्या आदरामुळे 'भन्तेंच्याच वस्तऱ्याने माझे केस उतरावेत' असा आग्रह काही उपासक धरतात. भावना चांगली आहे, परंतु आदर पात्यात नसून हातात आहे. भन्तेंच्या हातून नव्या पात्याने मुंडण झाले, तरी त्यात काही उणे राहत नाही.

वस्तरा केव्हा खाली ठेवावा

आग रोज होऊ लागली, तर सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे काही दिवस वस्तरा बंद ठेवणे. साध्या सोलवटण्याला तीन-चार दिवस पुरतात. आत वळलेल्या केसांना काही आठवडे द्यावे लागतात. या काळात कात्रीने किंवा यंत्राने केस बारीक करावेत. पुळी नखाने फोडू नये. पू वाढत गेला, लाली पसरली अथवा ताप आला तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्याने लहान जखमेचीही उपेक्षा करू नये. दाढीत किंवा डोक्यावर गोलाकार, खवले सुटणारा, कडेने वाढत जाणारा चट्टा दिसला तर तो नायटा असण्याचा संभव असतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून विचारपूस करून आणलेली मिश्र मलमे लावू नयेत. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवस थांबते आणि नायटा आतून पसरतो.

डोक्यावर व्रण, पुटकुळ्या किंवा नायटा असलेल्या व्यक्तीला शिबिरात वस्तऱ्याच्या मुंडणाचा आग्रह करू नये. तिचे केस कात्रीने वा यंत्राने बारीक करावेत. तिची प्रव्रज्या अपुरी राहिली असे कोणी म्हणू नये, कारण खुद्द भगवंतांची अनुज्ञा तिच्या पाठीशी आहे.

मुंडणसमयीचे चिंतन

मुंडणाच्या वेळी आचार्य श्रामणेराला केस, रोम, नखे, दात आणि त्वचा या पाच अंगांचे कर्मस्थान देतात. त्याला 'तचपंचक' म्हणतात. वस्तरा फिरत असतानाच काहींना अर्हत्त्व लाभल्याच्या कथा अट्ठकथांत आहेत. त्यांत सीवलि आणि दब्ब मल्लपुत्त यांची नावे प्रसिद्ध आहेत. यावरून एखादा असा आक्षेप घेईल, की जी त्वचा अशुभ म्हणून पाहावयाची, तिची एवढी काळजी कशासाठी? हा आक्षेप नवा नाही. राजा मिलिंदाने भन्ते नागसेनांना जवळजवळ हेच विचारले होते : प्रव्रजितांना देह प्रिय असतो काय? प्रिय नसेल तर ते त्याला का जपतात? नागसेनांनी उलट विचारले, की युद्धात बाण लागून झालेल्या जखमेला आपण लेप लावता, तेल लावता, पट्टी बांधता, ती जखम आपणांस प्रिय असते म्हणून काय? राजाने उत्तर दिले, की जखम प्रिय नसते, ती भरून यावी म्हणून तसे करतो. देहाचेही तसेच आहे, असे नागसेनांनी सांगितले.

वस्तऱ्याविषयीची खरी दृष्टी या उत्तरात आहे. त्वचेचे लाड करावयाचे नाहीत आणि तिला छळावयाचेही नाही. पाणी मुरू द्यावे, धार राखावी, हात हलका ठेवावा, आपले पाते आपल्यापुरते ठेवावे आणि त्वचा दुखावली तर वस्तरा म्यानात घालावा. एवढे जो पाळील, त्याची दाढी सकाळच्या पाच मिनिटांच्या स्मृतिसाधनेसारखी होईल, आणि त्याच्या हातून मुंडण झालेला श्रामणेर दहा दिवस डोके खाजवीत न बसता ध्यानाला बसू शकेल.